निरोप्या निर्दोष होता!

इंजिन किती तापले हे मोटारीतील संगणकाला कसे कळते? इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात एक संवेदक, म्हणजे सेन्सर, असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध घटतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे २५०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो.

माझी जुनी मोटार तापल्यावरही काळा धूर सोडू लागली. संवेदक बदलला, धूर थांबला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच! या वेळी मी आधी मल्टिमीटर घेतला. इंजिन तापलेले असताना नुसत्या संवेदकाचा रोध भरला ३०० ओहम. मग जोड पुन्हा बसवून, संगणकापासून सोडवलेल्या तारांच्या टोकांशी मोजले, तो २३०० ओहम! जादा २००० ओहम जोडात लपले होते. त्यातील पितळी पट्ट्यांवर हिरवा कळंक चढला होता. त्यामुळे संगणकाला इंजिन थंडच वाटे आणि तो जादा पेट्रोल सोडी.

मग नव्या संवेदकाने धूर थांबला कसा? जोड काढता-घालताना पट्ट्या घासल्या गेल्या, एवढेच!

तुमच्या प्रयोगातला दिवा मंद लागला, तर बदलण्याआधी काय मोजाल?