‘हे घरी वाचा’ न म्हणणाऱ्या बाई



आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बी.एड. करतेय. विषय जीवशास्त्र. मध्यंतरी ती म्हणाली, “मावशी, दहावीच्या वर्गावर माझा सराव पाठ आहे, मासिक पाळीचा. पाठ टाचण तयार आहे, पण तोंड उघडेल की नाही, कोण जाणे!”

मला माझी शाळा आठवली. हा भाग आला तेव्हा आमच्या बाईंनी पानं उलटली आणि म्हणाल्या, “हे घरी वाचा.” घरी कोण वाचणार? पुढे मला दुसरी मुलगी झाली. लोक बोलले, मी ऐकून घेतलं. बी.ए. होऊनही मला उत्तर देता आलं नाही. उत्तर तर त्याच पानांत होतं. आईकडून बाळाला नेहमी एक्स गुणसूत्रच मिळतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. यात बाईचा काय दोष? आणि बाप्याचाही नाही, कारण ते कुणाच्या हातात नसतं.

म्हणून बी.एड.च्या दोन वर्षांत नुसता विषय पक्का करून भागत नाही. मूल्यंही अंगी यावी लागतात. पहिलं, खरेपणा: लाज वाटते म्हणून धडा गाळायचा नाही. दुसरं, आदर: पाळीला विटाळ म्हणायचं नाही, कुणाच्या शरीराची थट्टा होऊ द्यायची नाही. तिसरं, जीवदया. पूर्वी कॉलेजात शिकण्यासाठी बेडूक कापत. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांची अशी चिरफाड थांबवायला सांगितलं. आता चित्रं आणि संगणक आहेत. चौथं, नम्रता: एखादं उत्तर येत नसेल तर “उद्या बघून सांगते” म्हणायचं.

त्या मुलीने आधी आमच्या बैठकीत पाठ घेऊन पाहिला. सुरुवातीला आम्हीच पदर तोंडाला लावून हसलो. मग प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. वर्गातही मुलं हसली. ती रागावली नाही. हसू ओसरू दिलं आणि शांतपणे पुढे शिकवत राहिली. मुलगे-मुली एकत्रच बसले होते.

मैत्रिणींनो, पुढच्या पालक सभेत एवढंच विचारा, “हा धडा वर्गात शिकवला का?” आणि शिकवणाऱ्या बाईंच्या पाठीशी उभ्या राहा.