‘फेअर’ म्हणजे गोरी की रास्त?

शाळेत मुले आधी रफ वहीत गणित सोडवतात, मग बाई सांगतात, “आता फेअर वहीत उतरवा.” रेशनच्या दुकानावर मराठीत ‘रास्त भाव दुकान’ लिहिलेले असते, त्यालाच इंग्रजीत ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणतात. दवाखान्यातून घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर ‘जनरल कंडिशन फेअर’ असा शेरा असतो. क्रिकेट बघता बघता घरातला लहानगा ओरडतो, “हे फेअर नाही!” आणि रिश्त्यासाठी पाठवायच्या बायोडाटात ‘कॉम्प्लेक्शन : फेअर’. ज्या घरात इंग्रजी कुणाला धड येत नाही, त्या घरातही हा शब्द रोज ये-जा करतो. पाच ठिकाणी त्याचे पाच अर्थ होतात, आणि एका ठिकाणचा अर्थ दुसरीकडे लावला की घोटाळा होतो.

आधी एक छोटी अडचण दूर करू. पुस्तकांची जत्रा म्हणजे बुक फेअर. त्यातला ‘फेअर’ हा वेगळाच शब्द आहे. तो लॅटिनमधल्या सुट्टीच्या, सणाच्या दिवसाच्या नावावरून आला. विमानाचे किंवा टॅक्सीचे भाडे म्हणजे फेअर, तोही वेगळा, त्याचे स्पेलिंगही वेगळे. देवनागरीत लिहिले की तिघे एकाच चेहऱ्याचे दिसतात इतकेच. त्या दोघांना इथेच सोडून देऊ.

आपला जो ‘फेअर’ आहे, त्याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता सुंदर, डोळ्यांना आणि मनाला बरे वाटणारे. त्यात गोरेपण नव्हते. हवा छान असेल तर ‘फेअर वेदर’. जुन्या तबकडीच्या हवादाबमापकावर पाऊस, वादळ या शब्दांबरोबर ‘फेअर’ हा शब्दही छापलेला असे. काटा तिथे आला की आकाश निरभ्र राहणार. सुखात सोबत आणि संकटात गायब होणाऱ्या मित्राला इंग्रजीत ‘फेअर वेदर फ्रेंड’ म्हणतात ते त्यावरूनच. शाळेतली फेअर वहीसुद्धा याच घरातली. खाडाखोड नसलेली, स्वच्छ, पक्की प्रत.

पुढे, साधारण चौदाव्या शतकात, ज्यात डाग नाही ते ‘फेअर’ यावरून ज्यात पक्षपात नाही तेही ‘फेअर’ झाले. हा अर्थ मात्र आपल्याला परका वाटायचे कारण नाही, कारण त्यासाठी मराठीने जे शब्द घेतले ते आपल्या घरांना चांगले ओळखीचे आहेत. ‘वाजवी’ हा अरबी ‘वाजिब’वरून आला. ‘रास्त’ हा फारसी, म्हणजे सरळ, बरोबर. ‘इन्साफ’च्या मुळाशी ‘निस्फ’ आहे, म्हणजे अर्धा. दोघांना सारखा वाटा, असे चित्रच त्या शब्दात आहे. रेशन दुकानाच्या पाटीवर ‘रास्त’ लिहिणाऱ्याने फार नेमका शब्द निवडला असे मला वाटते. ऊस पिकवणाऱ्या घरांत एफआरपी हा शब्द तर पोराटोरांना पाठ असतो. त्यातले पहिले अक्षर याच ‘फेअर’चे. रास्त आणि किफायतशीर दर. 2009-10च्या हंगामापासून केंद्र सरकार उसाचा किमान भाव या नावाने ठरवते. आणि 1978 साली मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माणसाचे स्वातंत्र्य काढून घेणारी कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य, फेअर आणि वाजवी असली पाहिजे. एवढे वजन हा शब्द पेलतो.

तोच शब्द मुलाच्या प्रगतिपुस्तकात आला की एकदम हलका होतो. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर अशी उतरंड असेल, तर फेअर हा खालून दुसरा. म्हणजे ‘ठीकठाक, पण अजून मेहनत हवी’. अनेक पालक हा शेरा बघून खूश होऊन घरी जातात. शिक्षिका म्हणून मी हे वर्षानुवर्षे पाहते आहे. एका अब्बांनी तर मला विचारले होते, “बाई, अभ्यासात फेअर म्हणजे अक्षर स्वच्छ आहे ना?” त्यांचे काय चुकले? फेअर वही त्यांना ठाऊक होती, त्यावरून त्यांनी अंदाज बांधला. दवाखान्याच्या कागदावरचा ‘फेअर’ही याच जातीचा. प्रकृती स्थिर आहे, घाबरण्यासारखे काही नाही. पण ‘उत्तम’ असेही तो म्हणत नाही. हा शेरा वाचून औषधे किंवा पथ्य सोडू नये. पुन्हा कधी दाखवायला यायचे, ते डॉक्टरांना आपल्या भाषेत विचारून घ्यावे.

आता रंगाकडे येऊ.

‘फेअर’चा उजळ कांतीचा हा अर्थ इंग्रजीत नंतर आला. म्हणजे शब्द आधी ‘सुंदर’ होता आणि मग ‘गोरा’ झाला. ज्या समाजाने गोरेपणालाच सौंदर्य मानले, त्याने दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला. हे त्या काळातल्या लोकांच्याही ध्यानात आले होते. शेक्सपिअरची सुनीते 1609 साली छापली गेली. त्यांतल्या 127व्या सुनीतात, काळ्या रंगाला सौंदर्यात जागा न देणाऱ्या रूढीवर, तो याच शब्दाशी खेळत बोट ठेवतो. आणखी एक गंमत. इंग्लंडमध्ये एखादीला ‘फेअर’ म्हटले तर बहुतेक वेळा तिचे केस सोनेरी आहेत असेही त्यात येते, आणि काळ्याभोर केसांच्या गोऱ्या माणसालाही तिथे ‘डार्क’ म्हणतात. आपल्याकडे केसांचा प्रश्नच नव्हता, तेव्हा सगळा भार कातडीवर आला.

पण सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. आपल्या घरांत मुलीबद्दल बोलताना ‘रंग साफ आहे’ म्हणतात. साफ! म्हणजे दुसरा रंग मळका? ‘जरा दबका रंग आहे, पण नाकीडोळी छान’ या वाक्यातला ‘पण’ किती मुलींनी दाराआडून ऐकला असेल. उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशा पायऱ्या आपणच बांधल्या. ‘फेअर’ हा त्यावर चढवलेला इंग्रजी मुलामा.

त्या मुलाम्यावर बाजार उभा राहिला. ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम आपल्या देशात 1975 साली आले, आणि एका पिढीने इंग्रजीतला ‘फेअर’ हा शब्द शाळेआधी त्या ट्यूबवर वाचला. 2005 साली पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ही निघाले. मे 2020मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि वर्णभेदाविरुद्ध जगभर आवाज उठला. त्याचा धक्का या ट्यूबपर्यंत पोचला. कंपनीने जून अखेरीस ‘फेअर’ शब्द काढत असल्याचे जाहीर केले आणि जुलैत ‘ग्लो अँड लव्हली’ हे नाव आले. त्याच जूनमध्ये शादी डॉट कॉमनेही लोकांच्या मागणीवरून रंगानुसार स्थळे शोधण्याची सोय बंद केली. नाव बदलले, हे बरेच झाले. दुकानात मात्र अजून जुनेच नाव सांगून ट्यूब मागतात. बिननावाच्या, लेबलवर धड काही न लिहिलेल्या गोरे करणाऱ्या क्रीमपासून तर चार हात दूर राहावे. काहींत पारा असतो, तो मूत्रपिंडाला इजा करतो. काहींत स्टिरॉइड असते. आठवड्यात चेहरा उजळतो आणि काही महिन्यांत कातडी पातळ होऊन लाल पडते.

दीनच्या दृष्टीने या विषयावर लांबलचक लिहायची गरज नाही. कुरआनच्या सूरह अर-रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असण्याचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्या म्हणून एकाच आयतीत आला आहे. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ही अखेरच्या हजच्या वेळची शिकवण प्रत्येक घरात माहीत आहे. जुम्म्याच्या खुतब्यात ती आपण मान डोलवत ऐकतो. रिश्ता बघायला जाताना ती चपलांबरोबर दाराबाहेर राहते.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलीचा बायोडाटा तयार करायचा होता. बी.एड. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी, रंगाने सावळी. टाइप करायला ती माझ्याकडे आली, मागोमाग तिची अम्मी. रंगाच्या रकान्याशी गाडी अडली.

“फेअर लिही,” अम्मी म्हणाली.

“अम्मी, मी फेअर नाही.”

“अगं, सगळेच लिहितात. न लिहिलं तर लोक पुढं वाचतच नाहीत. आपा, तुम्हीच सांगा हिला.”

मी काय सांगणार? अम्मीची काळजी खोटी नव्हती. आधीची दोन स्थळे ‘रंगामुळे’ गेली होती, आणि हे तोंडावर कुणी सांगितले नसले तरी मधल्या बाईकडून कळले होते. मी म्हटले, “पण उद्या ते बघायला येतील तेव्हा? खोटं लिहिलं असं म्हणणार. हिच्या खरेपणावरच डाग यायचा.”

मुलगी बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, “खाला, रिश्त्याची बोलणी फेअर व्हावीत असं वाटत असेल तर हे फेअर नको.” तिने रंगाची अख्खी ओळ खोडली, आणि तिथे आपल्या शाळेचे नाव व शिकवण्याचे विषय लिहिले. अम्मी धुसफुसत राहिली, पण थांबवले नाही.

पुढच्या आठवड्यात एका स्थळाकडून फोन आला. पलीकडच्या बाईंनी सगळे विचारून झाल्यावर म्हटले, “त्यात रंग लिहायचा राहिलाय बहुतेक.”

अम्मीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग फोनवर म्हणाली, “राहिलेला नाही. फोटो पाठवलाय की सोबत. आणखी काही विचारायचं असेल तर मुलीलाच विचारा, देते मी तिला.”