माळेगावला कुत्रं नेण्याआधी

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात कुत्रं पाळायचं ते राखणीसाठी. हळदीत, सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरू नयेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. पण शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते आणि घोड्यांच्या, लाल कंधारी वळूंच्या जोडीने तिथे श्वान प्रदर्शनही असतं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, तेव्हा त्याच्या दारात कुत्र्याचं कौतुक व्हावं हे रीतीलाच धरून आहे. मराठवाड्यातली कारवान, पश्मी अशा ठिकाणी ऐटीत उभी राहतात. घाम फुटतो तो मालकाला.

आणि नेमका इथेच पहिला गैरसमज आहे: तयारी कुत्र्याची करायची, माणसाने फक्त साखळी धरायची.

आपल्याकडे नंदीबैलवाला दारात येतो. "यंदा पाऊस पडंल का?" असं विचारलं की बैल मान हलवतो. बैलाला पावसाचं काही कळत नाही, त्याला मालकाची खूण कळते, हे शेंबडं पोरही सांगेल. बर्लिनमध्ये मात्र हेच उलगडायला शास्त्रज्ञ बसवावे लागले. हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा करायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, तर घोड्यालाही ते येत नाही. खूर बरोबर आकड्यावर आला की समोरच्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. नंदीबैलवाला खूण जाणूनबुजून करतो. हान्सच्या मालकाला आपण खूण करतोय याचा पत्ताच नव्हता.

कुत्रं याहून वेगळं नाही. कॅलिफोर्नियातल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वास शोधणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांच्या आणि त्यांच्या हस्तकांच्या १८ जोड्या घेतल्या. हस्तकांना सांगितलं, खोलीत लाल कागद चिकटवलेला दिसला तर वासाची वस्तू तिथेच आहे. खरं तर एकाही खोलीत ती वस्तू नव्हती. एकूण १४४ फेऱ्या झाल्या. त्यांतल्या फक्त २१ फेऱ्यांत "इथे काही नाही" असा बरोबर निकाल आला. बाकीच्यांत मिळून २२५ खोटे इशारे. चकवा म्हणून काही जागी सॉसेज आणि टेनिसचे चेंडू लपवले होते, पण कुत्र्याला भुलवणाऱ्या त्या जागांपेक्षा माणसाला भुलवणाऱ्या लाल कागदाजवळ इशारे जास्त झाले. कुत्र्याने हस्तकाचा चेहरा वाचला, की हस्तकानेच कुत्र्याच्या हालचालीत इशारा पाहिला, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. चूक दोघांपैकी कुणाचीही असो, तिचं मूळ माणसाच्या डोक्यात होतं.

राज्य पोलिसांच्या कर्तव्य मेळाव्यात श्वान पथकांच्या स्पर्धा होतात. स्फोटकं शोधताना ती कुठे लपवलीत हे हस्तकालाही ठाऊक नसणं का महत्त्वाचं, ते यावरून कळावं. घरच्या सरावातही हेच करा. वस्तू दुसऱ्या कुणाला तरी लपवायला लावा, तुम्हाला जागा माहीत नको.

दुसरा समज अर्धा खरा आहे: "कुत्र्याला भीतीचा वास येतो, म्हणून घाबरायचंच नाही." वास येतो, हे खरं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ३६ जणांना ९००० पासून १७-१७ वजा करत उलटं मोजायला लावलं (आपल्यालाही घाम फुटेल!) आणि त्याआधीचा व नंतरचा त्यांचा घाम आणि श्वास कापडावर टिपून घेतला. चार कुत्र्यांनी ताणाचा नमुना सुमारे ९४ टक्के वेळा अचूक ओळखला. हा अभ्यास २०२२ चा. पण ती कुत्री हा वास ओळखायला शिकवलेली होती. तुमची छाती धडधडली की तुमचं कुत्रं हातपाय गाळतं, असं काही त्यातून निघत नाही. शिवाय "घाबरायचं नाही" असं स्वतःला बजावून धडधड थांबत नसते. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की गाणं, भाषण किंवा गणिताआधी स्वतःला "शांत हो" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आलाय" म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. तेव्हा धडधड असू द्या, तिला नाव दुसरं द्या. हाताला ठरलेलं काम द्या: तोच पट्टा, तोच आज्ञेचा शब्द, तोच क्रम. घरी "बस" आणि रिंगणात "बस ना रे बाबा, बस" असं झालं, तर कुत्र्याच्या लेखी ती वेगळीच आज्ञा आहे.

तिसरा गैरसमज बहुधा शंकरपटातून आलेला. आरडाओरडा करा, जनावर चढतं. काही कुत्री चढतातही. पण ड्यूक विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगात, खाऊ पारदर्शक अडथळ्यामागे ठेवून कुत्र्यांना वळसा घालायला लावलं. मदतनीस म्हणून तयार केलेल्या शांत कुत्र्यांना जोशात हाका मारल्यावर त्यांचं काम सुधारलं. घरगुती, मुळातच उतावळ्या कुत्र्यांचं बिघडलं, ती थेट अडथळ्यावरच जाऊ लागली. म्हणजे सुस्त कुत्र्याला चेतवा आणि उधळणाऱ्याला निववा. शेजाऱ्याच्या कुत्र्याला जे लागू पडलं ते तुमच्याला पडेलच असं नाही. कुत्र्याला तीक्ष्ण करायला उपाशी ठेवायची पद्धत तर सोडूनच द्या.

"रानात सगळं ऐकतो, तिथेही ऐकेल" हाही एक भ्रम. कुत्रं आज्ञा जागेसकट शिकतं. साखऱ्याच्या बांधावर बसणाऱ्याला भोंगा, उंट, धूळ आणि हजार पाय यांच्यात बसणं नवंच असतं. आधीचे दोन महिने आठवडी बाजाराच्या कडेला, बसथांब्याजवळ, वरातीपासून लांब उभं राहून सराव करा आणि अंतर हळूहळू कमी करत न्या. अर्थात रेबीजची लस टोचून मगच.

राहिला निकाल. कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत, म्हणजे अजिलिटी, १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधल्या वेळात लोकांची करमणूक म्हणून सुरू झाली. आता जगभर लोक तिच्यासाठी जीव टाकतात. टेक्सासच्या जोन्स आणि जोसेफ्स यांनी २००६ मध्ये अशाच स्पर्धेत हरलेले पुरुष आणि त्यांची कुत्री तपासली. जे मालक हरल्यावर कुत्र्यावर खेकसले, त्यांच्या कुत्र्यांच्या शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलं होतं. ज्यांनी पाठीवरून हात फिरवला, खेळले, त्यांच्या कुत्र्यांत ते उतरलं होतं. कुत्र्याला ढाल कुणाला मिळाली हे कळत नाही. रिंगणातून बाहेर आल्यावर काय झालं, तेवढं त्याच्या लक्षात राहतं. म्हणून बाहेर आल्यावर काय करायचं, तेही घरून निघतानाच ठरवा: सावली, पाणी, पाठीवर हात. गावाकडे फोन मागाहून.