खडी गंमत: अर्धी शाहिराची, अर्धी बैठकीची

दिवाळी आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस लागतात. प्रत्येक गावाची मंडई ठरल्या दिवशी. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, हाताला जराशी उसंत असते. लेकी-जावई येतात, गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने लागतात. दिवसा चौकात खडी गंमत नाहीतर दंडार, आणि रात्री मांडवात तिकिटाचे नाटक. त्या रात्रीच्या नाटकावर, म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीवर, अलीकडे बरेच लिहून येते. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तर पुण्या-मुंबईकडच्या वर्तमानपत्रांनाही वडसा कुठे आहे ते शोधावे लागले. दिवसाच्या फुकट खेळाकडे मात्र कोणी फारसे वळत नाही. मला कोडे पडते ते त्याच खेळाचे. ज्या गौळणी, जे सवाल लोकांनी पन्नासदा ऐकले आहेत, तेच ऐकायला तीच माणसे उन्हात चार-चार तास का बसतात?

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. तरुणपणी तुमसरला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान चालवत होतो. तिथूनच हा नाद लागला.

आधी खडी गंमत म्हणजे काय ते सांगतो, कारण नागपूरच्या पलीकडच्या वाचकाला हे नाव नवे असू शकते. ही विदर्भातली तमाशाची बहीण. खडी म्हणजे उभी. कलावंत सबंध खेळ उभ्यानेच करतात, पडदा नाही, विंग नाही, भोवती लोक. एक शाहीर, त्याच्यामागे झील धरणारे एक-दोघे, ढोलकी, डफ, तुणतुणे, मंजिऱ्या, स्त्रीवेशातला नाच्या आणि एक सोंगाड्या. एवढ्यात पार्टी पूर्ण होते. सुरुवात गणाने, मग गौळण, मग लावणी, सवाल-जवाब आणि शेवटी एखादे कथानक. बौद्ध शाहिरांच्या पार्ट्यांत गणाच्या जागी बुद्ध-भीम वंदना ऐकू येते. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत स्वतः बाबासाहेब उमेदवार होते आणि हरले होते. त्या मुलखात ही वंदना नुसती प्रथा म्हणून गायली जात नाही, हे बैठकीत बसले की कळते.

खरी गर्दी होते ती दुय्यम खडी गमतीला. दुय्यम म्हणजे एकाच बैठकीत दोन पार्ट्या समोरासमोर. याचे मूळ कलगी-तुऱ्याच्या जुन्या भांडणात आहे. तुरेवाले शिवाला, पुरुषाला श्रेष्ठ मानणारे. कलगीवाले शक्तीला, प्रकृतीला. एका शाहिराने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच यमकात उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर बैठक सोडत नाही. मी पाहिलेल्या एका दुय्यमीत एक शाहीर उत्तर शोधत ढोलकीवाल्याला नुसते वाजवायला लावून वेळ काढू लागला, तेव्हा मागून एक म्हातारा ओरडला, 'पानी पिऊन ये, आमी बसून आहोत!' सगळी बैठक हसली, शाहीरही हसला, आणि त्या हशातच त्याला कडवे सुचले.

नव्वदच्या दशकात मी अशा खेळांच्या कॅसेटी करायला लागलो. मायक्रोफोन शाहिराच्या तोंडाजवळ बांधायचा, लोकांचा गलका टाळायचा, ही माझी हुशारी. दुकानातल्या स्पीकरवर त्या ऐकल्या की आवाज स्वच्छ, ढोलकी खणखणीत, आणि खेळ मेलेला. वर्षभर मी यंत्राला दोष देत राहिलो. मग एका मंडईत मायक्रोफोनची तार तुटली आणि टेपमधल्या साध्या माइकवर, लोकांत बसून, जसे जमेल तसे टिपले. शब्द अर्धे ऐकू येत नव्हते, पण ती कॅसेट गिऱ्हाइके पुन्हा पुन्हा लावायला सांगत. जो गलका मी वर्षभर कापत होतो, त्यातच गमतीचा अर्धा जीव होता.

शाहिराचे कडवे बारकाईने ऐका. ओळीचा शेवटचा शब्द तो पुष्कळदा म्हणतच नाही. डफावर थाप मारतो आणि थांबतो. यमक आधीच्या ओळीने बांधून दिलेले असते, त्यामुळे शब्द कोणता येणार ते लोकांना ठाऊक असते. तो झीलकऱ्यांच्या आधी बैठकीतून येतो. पन्नासदा ऐकलेले असणे हा इथे कंटाळ्याचा भाग नाही, ती बैठकीत बसण्याची पात्रता आहे. ज्याला शब्द माहीत आहे तोच तो भरू शकतो. आणि कधी शाहीर मुद्दाम भलताच शब्द टाकतो. सासूचे नाव येणार तिथे सरपंच येतो. ठाऊक असलेल्यालाच त्याची मजा.

हे यमक कागदावर बघायला गेलात तर फसाल. आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो, ण चा न होतो. काळा म्हणजे कारा, पाणी म्हणजे पानी. त्यामुळे 'माळ' आणि 'वार' यांची जोडी छापल्यावर चूक वाटते, चौकात ती चपखल बसते. एका संग्रहासाठी मी काही गौळणी उतरवून दिल्या, तर संपादकांनी प्रमाण मराठीत 'शुद्ध' करून छापल्या. निम्मी यमके गेली. राग त्यांचा नाही, माझा आला. मीच वेळेवर ताणून धरले नाही.

याच सुमाराला एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलेल्या टेपमध्ये एक इंग्रजी कॅसेट राहून गेली होती. द वीव्हर्स नावाच्या अमेरिकन लोकसंगीत चमूची. मग जमेल तसे त्यांच्याविषयी वाचले. १९४८ साली चौघांनी बांधलेला हा चमू. १९५० मध्ये त्यांचे 'गुडनाइट आयरीन' तिकडे घरोघरी पोचले. ते गाणे त्यांनी लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाकडून घेतलेले, आणि तो बिचारा आदल्याच वर्षाच्या डिसेंबरात वारलेला. पुढे कम्युनिस्ट म्हणून त्यांच्यावर बहिष्कार आला, रेडिओ बंद झाला, १९५२ मध्ये चमू मोडला. पण १९५५ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते परत उभे राहिले तेव्हा सभागृह भरले, आणि १९८० मध्ये म्हातारपणी पुन्हा उभे राहिले तेव्हाही भरले. त्यांच्यातला पीट सीगर गाता गाता पुढची ओळ आधीच बोलून दाखवी, म्हणजे लोकांना ती गाता यावी. ते वाचले आणि मला आमचा डफ थांबवणारा शाहीर दिसला. युक्ती उलटी आहे. तो ओळ आधी देतो, आमचा शेवटचा शब्द मागे ठेवतो. पण दोघेही गाण्यात लोकांपुरती जागा सोडतात.

फरक मोठा आहे, तोही सांगायला हवा. त्यांच्यामागे रेकॉर्ड होत्या. चमू मोडला तरी गाणे रेकॉर्डवर राहिले. आमच्या शाहिरामागे पुढची मंडई तेवढी आहे. म्हणून त्याला विषय सतत बदलत राहावे लागतात. चाल जुनीच, पण आत हुंडा येतो, दारू येते, मोबाइल येतो, धानाचा बोनस तर दरवर्षी येतो. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचा ठेका मध्येच कुठेतरी शिरतो, सिनेमाची चालही शिरते, आणि पलीकडे बालाघाट असल्यामुळे हिंदी तर घरचीच. शुद्धतेचे पुरस्कर्ते याला भेसळ म्हणतात. मला तसे वाटत नाही. खेळ पडतो तो भेसळीमुळे नाही. एखाद्या योजनेच्या प्रचारासाठी आयते लिहून दिलेले कडवे शाहीर जसेच्या तसे म्हणतो तेव्हा पडतो. त्यात रिकामी जागा नसते. लोक टाळ्या वाजवतात आणि पांगतात.

पार्ट्या कमी होत आहेत हे खरे आहे. झील धरायला पोरे मिळत नाहीत, नाच्या व्हायला त्याहून नाही, आणि मंडईत शेजारीच डीजे लागला तर डफाचा काय पाड लागणार? जुन्या कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, पण तिथे इतक्या वर्षांच्या कलासेवेचा पुरावा लागतो. ज्याचा खेळ कधी छापलाच गेला नाही त्याने तो कुठून आणावा?

अशाच पुराव्यासाठी दोन वर्षांपूर्वी मोहाडी तालुक्यातले एक शाहीर माझ्या घरी आले. वय सत्तरीच्या पुढे, कानाला यंत्र. मी त्यांची तार तुटलेल्या दिवसाची कॅसेट काढली, लावली. आपल्याच कडव्याचा पुढचा चरण त्यांना आठवेना. मी सांगू लागलो तर हाताने गप्प केले. टेपमध्ये डफ थांबला, आणि बैठकीतून एक फाटका, चिरका आवाज शब्द भरून गेला.

'थांबव भाऊ, मागे घे,' ते म्हणाले. मी मागे घेतले. तोच आवाज पुन्हा आला. त्यांनी यंत्र कानात नीट बसवले आणि त्या माणसाचे नाव सांगितले, गाव सांगितले, तो नेहमी कोणत्या झाडाखाली बसायचा तेही सांगितले. मग तिसऱ्यांदा लावायला लावली, आणि या खेपेला त्या आवाजापाठोपाठ सबंध चरण त्यांच्या तोंडून निघाला.