बावन्न वर्षांनी आलेला माफीनामा

संगणक क्षेत्रातील आयबीएम या बलाढ्य कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये लिन कॉनवे या आपल्या माजी अभियंत्याची माफी मागितली आणि त्यांना जीवनगौरव पुरस्कार प्रदान केला. करोनाच्या साथीमुळे हा समारंभ संगणकाच्या पडद्यावरच पार पडला. माफीचे कारण मात्र ५२ वर्षे जुने होते. १९६८ मध्ये कंपनीने कॉनवे यांना कामावरून दूर केले, ते त्यांच्या कामात काही उणे होते म्हणून नव्हे. पुरुष म्हणून नोकरीस लागलेल्या या अभियंत्याने यापुढे स्त्री म्हणून जगण्याचा निर्णय वरिष्ठांना कळविला होता, एवढाच त्यांचा अपराध.

लैंगिक अल्पसंख्याकांना बरोबरीने वागविण्याची भाषा तंत्रज्ञान उद्योगात गेल्या दोन-अडीच दशकांत रुळली. ती रुळावी म्हणून ज्यांनी चिकाटीने प्रयत्न केले, त्यांत कॉनवे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत फलदायी तीस वर्षे मात्र स्वतःची ओळख लपविण्यातच गेली होती.

कॉनवे यांचा जन्म १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाला. कोलंबिया विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेऊन १९६४ मध्ये त्या आयबीएमच्या संशोधन विभागात दाखल झाल्या. तेथे अतिवेगवान संगणक घडविण्याचा प्रकल्प सुरू होता. संगणक त्याला दिलेल्या सूचना रांगेने पार पाडतो. तिकिटाच्या खिडकीवर पहिल्याच माणसाकडे सुटे पैसे नसावेत आणि मागची सारी रांग खोळंबावी, तसे तेव्हाच्या यंत्रांचे होत असे. अडलेली सूचना तात्पुरती बाजूला ठेवून मागच्या तयार सूचना, त्याही एकाच वेळी अनेक, मार्गी लावण्याची पद्धत कॉनवे यांनी शोधली. आजच्या वेगवान प्रोसेसरमध्ये याच तत्त्वाचा वापर होतो. कॉनवे यांचे नाव त्याच्याशी कित्येक वर्षे जोडले गेले नाही, कारण शोध लावणारी व्यक्ती कागदोपत्री उरलीच नव्हती.

नोकरी गेली तेव्हा दाद मागण्यास कोणताही कायदा नव्हता. विवाह संपुष्टात आला आणि दोन लहान मुलींचा सहवासही तुटला. वैद्यकीय उपचार व शस्त्रक्रियेनंतर कॉनवे यांनी नवे नाव धारण केले आणि कंत्राटी प्रोग्रामर म्हणून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. नोकरी मागताना पूर्वीचा अनुभव सांगावा तर भूतकाळ उघड होणार आणि न सांगावा तर नवख्याचे काम पत्करावे लागणार, अशी ती कोंडी होती. मेमोरेक्स कंपनीत काही वर्षे काढल्यावर १९७३ मध्ये त्या झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आल्या. आपल्या शेजारी बसणारी ही स्त्री कोण होती, याची तेथील सहकाऱ्यांना कल्पना नव्हती.

पालो आल्टोत त्यांच्या हातून जे घडले, त्याने चिप उद्योगाची घडीच बदलली. सिलिकॉनच्या एका तुकड्यावर हजारो ट्रान्झिस्टर बसविण्याची कला त्या वेळी मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या तज्ज्ञांपुरती मर्यादित होती. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे कार्व्हर मीड यांच्यासह कॉनवे यांनी या कलेचे साधे, शिकविता येण्याजोगे नियम बनविले. दोन रेषांत किती अंतर हवे, हे ठरावीक मापात न सांगता त्यांनी ते एका एककाच्या पटीत सांगितले. त्यामुळे तंत्र सूक्ष्म होत गेले तरी आराखडा त्याच प्रमाणात लहान करता येऊ लागला. १९७८ मध्ये कॉनवे यांनी एमआयटीत हा विषय शिकविला आणि विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप प्रत्यक्षात तयारही करून घेतल्या. पुढच्याच वर्षी १२ विद्यापीठांतील १२४ जणांनी आखलेल्या ८२ चिपचे आराखडे इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून गोळा करून एकत्रित उत्पादनासाठी पाठविण्यात आले. आराखडा एकाने करावा आणि उत्पादन दुसऱ्याच्या कारखान्यात व्हावे, ही विभागणी येथून रुजली. पुण्यात किंवा बेंगळुरूत बसून, स्वतःचा कारखाना नसताना चिप आखणारे अभियंते आज याच व्यवस्थेत काम करतात. मीड आणि कॉनवे यांचे पाठ्यपुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले व जगभर अभ्यासले गेले. १९८५ मध्ये कॉनवे मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. तरीही कोणी जुन्या खाणाखुणा शोधू नयेत म्हणून त्या प्रकाशझोतापासून शक्य तितक्या दूर राहत.

हे मौन अखेर सुटले ते संगणकाच्या इतिहासाच्या एका अभ्यासकामुळे. आयबीएमच्या त्या जुन्या, अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाचा शोध १९९० च्या दशकाच्या अखेरीस मार्क स्मॉदरमन यांनी सुरू केला. आज ना उद्या धागा आपल्यापर्यंत येणार, हे कॉनवे यांनी ओळखले. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपली कहाणी आपणच सांगावी, असे त्यांनी ठरविले. त्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती आणि अध्यापनातून त्या निवृत्तही झाल्या होत्या. येथून त्यांच्या आयुष्याचा तिसरा अध्याय सुरू झाला.

येथे शब्दाचा एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत अशा प्रसंगी 'तृतीयपंथी' हा शब्द सरसकट वापरला जातो. पण त्यामागे आपल्याकडील एका विशिष्ट समाजजीवनाचा संदर्भ आहे. जन्माच्या वेळी नोंदविलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग ज्यांच्या बाबतीत वेगळे असते, त्यांच्यासाठी 'पारलिंगी' हा शब्द अधिक नेमका.

कॉनवे यांच्या चळवळीचे वळण पूर्णपणे अभियंत्याचे होते. मोर्चे-घोषणांपेक्षा माहितीवर त्यांचा भर राहिला. अनेक व्यवसायांत स्थिरावलेल्या पारलिंगी स्त्रियांचा परिचय त्यांनी संकेतस्थळावर एकत्र केला आणि स्वयंसेवकांनी तो मजकूर विविध भाषांत नेला. मनोविकारशास्त्राच्या प्रमाणग्रंथात पारलिंगी स्त्रियांचे प्रमाण ३० हजारांत एक असे दिले जाई. कॉनवे यांनी अमेरिकेत झालेल्या शस्त्रक्रियांची बेरीज मांडली. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचेच प्रमाण अडीच हजारांत एक भरते, असे त्यांनी दाखविले. हा केवळ आकड्यांचा वाद नव्हता. एखादा गट नगण्य आहे असे मानले, की त्याच्यासाठी नियम करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. ही मेख त्यांनी अचूक हेरली होती.

पुढचा प्रयत्न व्यवसायाच्या नियमावलीसाठी होता. आयईईई ही विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची जगातील अग्रगण्य संघटना. तिच्या आचारसंहितेत वंश, धर्म, लिंग, अपंगत्व, वय व राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव न करण्याचे वचन होते. लैंगिक कल व लिंगओळख यांचा उल्लेख नव्हता. कॉनवे आणि अभियंता लिआंड्रा विची यांनी पाठपुरावा केला आणि २०१४ पासून हे शब्द संहितेत आले. बदल जेमतेम एका वाक्यातला. तथापि, अन्यायाविरुद्ध दाद मागणाऱ्याला बोट ठेवण्यासाठी वाक्यच लागते.

आयबीएमने २००२ मध्येच आपल्या धोरणात लिंगओळखीचा समावेश केला होता. म्हणजे इतरांना संरक्षण मिळाल्यानंतरही, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना माफीसाठी आणखी १८ वर्षे थांबावे लागले. धोरण बदलण्यात भविष्याचे आश्वासन असते. माफी मागायची तर भूतकाळातील निर्णय चुकला हे कबूल करावे लागते, आणि कंपन्यांना तेच जड जाते. कायद्याची गतीही फारशी वेगळी नाही. समलिंगी व पारलिंगी कर्मचाऱ्यांना त्या कारणावरून काढता येणार नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये दिला. भारतात पारलिंगी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१९ मध्ये संमत झाला.

कॉनवे यांना त्यांच्या आयबीएममधील शोधासह चिपविषयक कार्यासाठी संगणक क्षेत्रातील अग्रणींचा पुरस्कार २००९ मध्ये मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानिकेत त्यांचे नाव २०२३ मध्ये नोंदले गेले. ९ जून २०२४ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.