जुनी डिझेल गाडी आणि छोट्या व्यापाऱ्याचा हिशेब

मुळशी तालुक्यात कपड्याचा धंदा करायचा तर चाकाशिवाय गत्यंतर नाही. पुण्याच्या रविवार पेठेतून गाठोडी उचलायची, चांदणी चौक ओलांडून पिरंगुट, घोटवडे फाटा, पौड येथे पोहोचवायची, आणि लग्नसराईत ताम्हिणी घाट उतरून थेट माणगाव गाठायचे. शिलाई, फर्निचर, वेल्डिंग, भांडी, कोणताही धंदा घ्या, माल वेळेवर पोहोचला तरच गिऱ्हाईक टिकते.

त्यासाठी आपल्यातील अनेक बांधव नवी गाडी हप्त्यावर घेतात. धंदा मंद पडला तरी हप्ता मंद होत नाही, आणि व्याजाचा गुनाह वेगळाच. दुसरा मार्ग म्हणजे ऐपतीप्रमाणे रोख रकमेत जुनी डिझेल गाडी घेणे. हा मार्ग चांगला आहे, पण एका अटीवर. गाडीची किरकोळ देखभाल मालकाने स्वतः शिकली पाहिजे. नाहीतर सावकाराच्या हातून सुटलेला माणूस गॅरेजवाल्याच्या हातात सापडतो.

डिझेल कोणाला परवडते?

पूर्वी डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असे, कारण त्याचा भाव सरकार ठरवीत होते. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारावर सोडण्यात आला. त्यानंतर दोन्हींतील अंतर पुष्कळ कमी झाले. म्हणून आज फायदा मुख्यतः ॲव्हरेजचा आहे. समजा, महिन्याला १५०० किलोमीटर फिरणे आहे. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १०० लिटर लागतील, १२ देणाऱ्या गाडीला १२५. हे २५ लिटर वाचतात म्हणून जुनी डिझेल गाडी पाळायची. जो आठवड्यातून एकदा गाडी काढतो, त्याने डिझेलच्या नादी लागू नये.

कोणती गाडी?

या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. टाटांची सुमो १९९४ मध्ये आली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातील अक्षरांवरून तिचे नाव पडले. इंडिका १९९८ च्या डिसेंबरात लोकांपुढे आली. ती पुण्यातच बनली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) मॅटाडोर आणि ट्रॅक्स दिल्या. इंडिका २०१८ मध्ये आणि सुमो २०१९ मध्ये बंद झाली, तरी सुट्या भागांसाठी नाना पेठ हाकेच्या अंतरावर आहे आणि ही इंजिने हाताळलेले मिस्त्री आजही भेटतात.

जुन्या इंडिकाच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक होता. असे इंजिन पान्याने समजते. नंतरच्या ‘कॉमन रेल’ गाड्या जास्त ताकदवान आणि कमी धूर सोडणाऱ्या, पण त्यांचा दोष शोधायला संगणक लागतो आणि इंजेक्टर महाग पडतात. मात्र सोप्या इंजिनाच्या गाड्या आता बहुतेक पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. त्यांचा कागदोपत्री खर्च वेगळा, तो पुढे पाहू.

पारख

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आपण जाण्याआधीच मालकाने ती गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटते. दाब कमी झालेले इंजिन थंडीत रडत सुरू होते. हीटर प्लग खराब असले तरी तसेच होते. ते बदलणे स्वस्त, पण झिजलेले इंजिन बांधणे महाग. दोहोंतला फरक मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घेतल्याशिवाय कळत नाही.

धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर अथवा इंजेक्टर तपासावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडावे. आतून जोराने धूर फुंकला जात असेल तर रिंगा गेल्या समजा. शेवटी पायातली चटई उचलून पत्रा बघावा. मुळशीच्या पावसात गंज खालूनच चढतो.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे एकाच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ व ३० आहेत. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ ने बोजा उतरवून घ्यावा. ‘नाव नंतर करू’ हे वाक्य धोक्याचे आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले की, गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणजे घेणाऱ्याइतकाच हा प्रश्न विकणाऱ्याचाही आहे.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मोटारीसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीला १०,००० करण्यात आली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करावा.

आपल्या हातची कामे

रोज सकाळी ऑइलची पट्टी आणि पाण्याची पातळी पाहावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. हात आणि तोंड भाजते. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचते; खालचा स्क्रू सैल करून ते सोडावे, पावसाळ्यात तर पंधरवड्याला. पाणी पंपात गेले तर पंप खाते.

टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते आणि गाडी सुरू होत नाही. अशा वेळी स्टार्टर मारत बसून बॅटरी उतरवू नये. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून नुसते डिझेल आले की स्क्रू आवळावा. एवढे एक काम येत असेल तर रस्त्यात अडकून पडण्याची वेळ कमी येते. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला हे कळत नसेल, तर गाडी घेताच बदलावा. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि सारी बचत एका दिवसात जाते.

ताम्हिणी उतरताना डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक आहेत. हा जिवाशी खेळ आहे. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरसाठी व्हॅक्यूमचा वेगळा पंप असतो. इंजिन थांबले की पंप थांबतो, आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर इंजिनाचा रॉड वाकतो.

आपल्या मुलांनीही हे शिकावे. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. एका घरात एक मुलगा तो शिकला तर मोहल्ल्याच्या दहा गाड्या सांभाळील आणि स्वतःची हलाल रोजीही कमावील.

विकतानाही हाच हिशेब

आज घेतलेली गाडी उद्या आपणच विकणार आहोत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड केला, ती हदीस सर्वांना ठाऊक आहे. झिजलेल्या इंजिनात जाड ऑइल घालून आवाज दाबणे, किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे, हे त्या ओल्या धान्यावर सुके धान्य पसरण्यासारखेच आहे. शरियतने खरेदीदाराला लपवलेल्या दोषासाठी माल परत करण्याचा हक्क दिला आहे. त्याला ‘खियारे ऐब’ म्हणतात. दोष सांगून विकले तर पाच हजार कमी येतील, पण ज्याला गाडी दिली तो उद्या कापड घ्यायलाही आपल्याच दुकानी येईल. तिजारतीत बरकत म्हणतात ती हीच.