धावण्याआधी पोराची तब्येत पाहा



ऊस तोडणीला देण्याआधी आपण ब्रिक्स पाहतो; पोरांची ताकद मात्र नुसत्या नजरेनं जोखतो. 2019 पासून ‘खेलो इंडिया’ योजनेत शालेय मुलांची तंदुरुस्ती चाचणी सुरू झाली आहे. 5 ते 8 वर्षांच्या मुलांची उंची-वजन, एका पायावरचा तोल व हाताची चपळाई पाहतात. 9 वर्षांपासून पुढे 50 मीटर धाव, 600 मीटर धावणे-चालणे, बसून पुढे वाकणे यांसारख्या कसोट्या असतात.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र एक गोष्ट आधी पाहावी. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. अतिश्रम, शरीरातलं पाणी कमी होणं व थंडी यांनी अशा मुलाची हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. ते मूल आळशी नव्हे! रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून करून घ्यावी आणि आजार असल्यास गुरुजींना आधीच सांगावं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं, पाणी पीत, दम खात त्यानं जमेल तेवढंच करावं. 600 मीटर चालत गेलं तरी चालतं. ती शर्यत नाही.

कांडी आखूड दिसली की पाणी कधी चुकलं ते आपण ओळखतो. मुलांच्या नोंदीही तशाच वाचाव्यात. आपल्या, तशाच सालदाराच्या अन् तोडणी मजुराच्या मुलांच्याही.